पाळीव अजगराचें घर केवढें असावें?

वाढत्या मुलाचा सदरा शिवावयास टाकतांना घरांतील वडील माणसें शिंप्यास आवर्जून सांगतात, "अंमळ सैलच ठेवा, मूल वाढत्या अंगाचें आहे." हाच न्याय पाळीव सापाच्या पेटीस लावावा काय, असा प्रश्न कांहीं हौशी कुटुंबांत आज निघूं लागला आहे. प्रश्न वरवर गमतीचा दिसतो. परंतु एका मुक्या प्राण्याचें सारें आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळें त्याचा नीट विचार केला पाहिजे.

ज्यास बॉल पायथन म्हणतात तो साप आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील एक लहानसा अजगर होय. भय वाटलें कीं तो डोकें मध्यें लपवून अंगाचा चेंडू करतो. त्यावरून हें नांव पडलें. तो विषारी नाहीं. अंड्यांतून निघालेलें पिलूं सुमारें फूटभर असतें, आणि पूर्ण वाढलेला साप तीन ते पांच फूट भरतो. मादी नरापेक्षां मोठी होते. नीट निगा राखल्यास तो वीस-तीस वर्षें सहज जगतो.

मापाकडे वळण्यापूर्वीं कायद्याची गोष्ट सांगणें अवश्य आहे. वाशीमच्या शेतशिवारांत किंवा काटेपूर्णेच्या रानांत आढळणारा आपला देशी अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. तो घरीं पाळतां येत नाहीं. परदेशी बॉल पायथनाचें तसें नाहीं. परंतु २०२२ ची कायद्यांतील दुरुस्ती व २०२४ चे नियम यांप्रमाणें अशा प्राण्याची सरकारदरबारीं नोंद करणें बंधनकारक झालें आहे. ज्याच्या मालकीचे कागद नाहींत असा प्राणी विकत घेऊंच नये.

आतां पेटीचें माप. जुन्या जाणकारांचा अनुभव असा कीं, पिलूं मोठ्या व मोकळ्या पेटींत ठेवलें तर तें बावरतें आणि अन्न घेत नाहीं. याचें कारण त्याच्या मूळच्या राहणींत आहे. रानांत हा साप दिवसाचा वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो. तेथें चोहों बाजूंनीं भिंत अंगास लागलेली असते, व त्या स्पर्शानेंच त्यास निर्भय वाटतें. म्हणून पिलूं लहान पेटींत ठेवावें व तें वाढेल तशी पेटी बदलावी, अशी रीत पडली. परंतु पिलाला भिववितो तो पेटीचा मोठेपणा नव्हे, तिचा रितेपणा. मोठ्या पेटींत लपण्याच्या दोन जागा, सालीचे तुकडे, सुकी पानें व एखादी बळकट फांदी ठेविली तर पिलूं तींतहि सुखानें राहतें.

व्यवहारांतील हिशेब सोपा आहे: सापास सरळ पसरतां यावें, म्हणून पेटीची लांबी त्याच्या लांबीहून कमी नसावी. पिलास आरंभीं दोन फूट लांब व फूटभर रुंद पेटी पुरते. चार फुटी सापास चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटी हवी. लांबी मोजण्यासाठीं सापास ओढूं नये. तो भिंतीच्या कडेनें सरकतांना कोठपर्यंत पोंचतो तें पाहून अंदाज घ्यावा.

लांब पेटीचा दुसरा लाभ उष्णतेचा आहे. सापाचें रक्त स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. ऊन हवें तेव्हां तो उबेकडे, नको तेव्हां गारव्याकडे जातो. यास्तव पेटीचें एक टोंक सुमारें ३१-३२ अंश सेल्सिअस व दुसरें २५-२६ अंश असावें. आंखूड पेटींत दोन्ही टोंकें एकसारखीं तापतात व सापास पळावयास जागाच उरत नाहीं. वाशीमकडे वैशाखांत पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हां अडचण ऊब देण्याची नसून गारवा राखण्याची असते. पत्र्याच्या छपराखालीं किंवा खिडकीच्या उन्हांत ठेवलेली कांचेची पेटी म्हणजे भट्टीच होय. ती माजघरांत, जमिनीलगत ठेवावी. दोन्ही टोंकांस उष्णतामापक असावे. दिव्यास उष्णता आवरणारें यंत्र जोडलेलें असावें. कोरड्या हवेंत कात तुकड्यातुकड्यांनीं निघते व डोळ्यांवर चिकटून राहते. म्हणून पाण्याचें पसरट भांडें व ओलसर शेवाळाची एक डबी आंत असावी. झांकणास कडी हवीच. अजगराचा जोर लहान नसतो.

प्रारंभींच्या शिंप्याच्या दाखल्याचें उत्तर आतां देतां येईल. सापाचा सदरा म्हणजे त्याची लपण्याची जागा; ती मात्र अंगाबरोबर, वेटोळें बसवून चोहों बाजूंनीं टेकेल इतकीच असावी, आणि तो वाढला कीं बदलावी. पेटी हें त्याचें घर होय. आणि घर कोणी अंगाबरोबर बेतीत नाहीं.

तेव्हां पिलूं आणण्यापूर्वीं एक करावें. घरांतील जमिनीवर खडूनें चार फूट लांब व दोन फूट रुंद असा चौकोन आंखावा, आणि घरच्या सर्व माणसांस विचारावें कीं ही जागा वीस वर्षें देण्याची आपली तयारी आहे काय? होकार मिळाला तर पेटीचें माप ठरलेंच. न मिळाला तर तो चौकोन पुसून टाकणें यांतच प्राण्याचें हित व आपलें शहाणपण आहे.