स्वतःची दुचाकी असणे आवश्यक

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या नोकरीच्या जाहिराती वाचायची मला सवय आहे. दुकानाच्या दारावर चिकटवलेल्या असोत की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, बहुतेकींचा साचा एकच: 'मुलगे पाहिजेत. वय १८ ते २८. स्वतःची दुचाकी असणे आवश्यक.' काम विचारलं तर पॅकिंगचं, नाहीतर बिलिंगचं. खोकी भरायला दुचाकी कशाला? कारण पाळी सुटते रात्री, आणि तुयेंच्या औद्योगिक वसाहतीतून त्या वेळी आमच्या कोरगावला यायला बस मिळेल याचा भरवसा नसतो. जाहिरात लिहिणारा माणूस दुष्ट नाही. कामगार वेळेवर यावा, एवढीच त्याची अपेक्षा. पण तीन तोकड्या वाक्यांत त्यानं गावातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दाराबाहेर ठेवलं: सगळ्या मुली, पोरं शाळेत जायला लागल्यावर काम शोधणारी पस्तिशीतली बाई, गाडीचा हप्ता न झेपणारं घर, पायानं अधू असलेला पदवीधर. यांतल्या कुणाला वगळायचं, असं कुणीही कधी ठरवलं नव्हतं.

विविधता, समन्याय, समावेशन हे शब्द आता मोपाच्या विमानतळामुळं, तुयेंच्या कारखान्यांमुळं आणि मांद्रे-हरमलच्या हॉटेलांमुळं आपल्याही कानांवर पडू लागले आहेत. त्यांच्याभोवती गैरसमजही तितकेच वाढलेत. काही व्यवस्थापकांचे, काही आपलेच.

'हे अमेरिकेतलं फॅड आहे'

शब्द तिकडून आले असतील, बंधनं इथली आहेत. समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा. सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला त्यानंच मनाई केली होती, आणि २०१९च्या वेतन संहितेनं ती मनाई पुढं चालू ठेवली. म्हणजे पॅकिंगसाठी 'मुलगे पाहिजेत' असं लिहिणं जवळपास ५० वर्षं कायद्याला धरून नाही. तरी ते बिनदिक्कत लिहिलं जातं. बाईच्या हाताखाली काम करायला पुरुष तयार होत नाहीत, असं कुणी सांगू लागलं तर मला गंमत वाटते. १९७३ ते १९७९ गोवा, दमण आणि दीवचा कारभार मुख्यमंत्री म्हणून शशिकला काकोडकरांनी हाकला, आणि त्यांचा जन्म याच पेडण्यातला.

'सगळ्यांना सारखं वागवलं की झालं'

समता आणि समन्याय यांतला फरक समजावायला पुस्तक नको, बसथांबा पुरतो. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. विमानतळ म्हटला की रात्र-दिवस पाळ्या आल्या. पहाटेची पाळी सगळ्यांना सारखीच, नियम सगळ्यांना एकच. पण ज्याच्या अंगणात मोटारसायकल उभी आहे त्याला ती पाळी पंधरावीस मिनिटांच्या अंतरावर, आणि जिच्याकडं नाही तिला अशक्य. नियम समान, परिणाम विषम. समन्याय म्हणजे तिला सोपी पाळी देणं नव्हे. तिला त्या पाळीपर्यंत पोचता येईल अशी गाडी लावणं.

बाईला रात्रपाळीला ठेवताच येत नाही, हाही समज अजून पक्का आहे. १९४८च्या कारखाने कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ असं बंधन होतं, हे खरं. पण २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार बाईची संमती असेल आणि सुरक्षिततेच्या अटी पाळल्या तर तिला रात्रपाळीला ठेवता येतं. संमती हा शब्द महत्त्वाचा: 'रात्रपाळी नको' म्हणणाऱ्या बाईला त्यावरून कामावरून काढणं म्हणजे संमती नव्हे. आणि सुरक्षितता म्हणजे नुसता गेटवरचा कॅमेरा नव्हे. घराच्या वाटेवरचा शेवटचा अंधारा तुकडा तिच्या लेखी कारखान्याचाच भाग असतो.

'गोव्यात कोण जात बघतो?'

पुष्कळ लोक बघतात. विचारण्याची पद्धत तेवढी गोड असते. 'खंयचो रे तू? कोणाचो?' एवढ्यावर वाडा कळतो, आडनाव कळतं, आणि बाकीचं न विचारता कळतं. गोव्याच्या विधानसभेतल्या ४० जागांपैकी अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ एकच, तो पेडण्याचा. २०११च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींचं प्रमाण १.७४ टक्के होतं. आकडा लहान, म्हणून अर्जदारांत त्यांच्यातलं कुणी आलंच नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तोही २००३ मध्ये. खासगी कंपनीला जातीच्या आरक्षणाचं बंधन नाही. त्यामुळं इथं जे काही व्हायचं ते वरच्या खुर्चीतल्या माणसाच्या इच्छेवरच होतं किंवा राहतं.

इथंच दुसरा समज येऊन चिकटतो: 'आम्ही गुणवत्ता बघतो, विविधता आणली की दर्जा घसरतो.' सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या वाक्याला चांगला उतारा आहे. त्यांनी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. शिक्षण तेच, अनुभव तोच. गुणवत्ता बघणारे डोळे आधी आडनावावर थांबले होते.

आपल्याकडं तर अर्जाच्याही आधी 'वळख' येते. 'आपला माणूस आहे, बघ जरा.' ओळखीनं भरती करणं स्वस्त पडतं, माणूस टिकतोही. पण दहा माणसं एकाच वाड्यावरची असली की अकरावाही तिथूनच येतो. यावर मला माहीत असलेले उपाय अगदी साधे आहेत. पहिल्या छाननीत नाव, आडनाव आणि गाव झाकायचं. मुलाखतीत सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमानं विचारायचे. तिघांनी आपापले गुण आधी कागदावर लिहायचे आणि मगच बोलायचं. नाहीतर साहेब काय म्हणतात ते ऐकून बाकीचे दोघे माना डोलावतात. जाहिरात कंपनीच्या गटावर टाकून थांबायचं नाही. सगळ्या वाड्यांवर ती दिसेल अशी लावायची. नाव झाकून बोली आणि पेहराव झाकता येत नाहीत, हे मान्य. पण निदान पहिलं दार तरी आडनावावरून बंद होत नाही.

'आमच्याकडं एकही तक्रार नाही, म्हणजे सगळं ठीक आहे'

हा गैरसमज सगळ्यांत धोकादायक, म्हणून यावर थोडं थांबू. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. १० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार ३ महिन्यांच्या आत करायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची.

'आमच्या शॅकवर सातच माणसं, आम्हांला हा कायदा लागू नाही' हेही चूक. १०पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. घरकाम करणारी बाईही जाऊ शकते. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हंगामापुरत्या येणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही. त्यांच्या भाषेत तर नाहीच.

या कायद्याच्या अंमलबजावणीतला देशभर गाजलेला एक निकाल गोव्यातल्या खटल्यातूनच आला. गोवा विद्यापीठातलं २००९चं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १२ मे २०२३ला निकाल लागला. बडतर्फीचा आदेश रद्द झाला, कारण समितीनं चौकशी घाईघाईत उरकली होती आणि आरोप असलेल्या व्यक्तीला बाजू मांडायची पुरती संधी दिली नव्हती. १४ वर्षं गेली आणि प्रकरण पुन्हा समितीच्या दारात. तक्रारदारांना न्याय नाही, समोरच्यालाही नाही. त्याच निकालात न्यायालयानं देशातल्या ३० क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी नीट समितीच नसल्याच्या बातमीची दखल घेतली. पुढं ३ डिसेंबर २०२४ला जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्याच्या तारखाच ठरवून दिल्या.

व्यवस्थापकानं यातून काय घ्यायचं? समितीतल्या लोकांना चौकशी कशी करतात ते शिकवायचं, तक्रार येण्याच्या आधी. समितीतल्या सगळ्यांची नावं आणि फोन नंबर फलकावर लावायचे; समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावणं तर कायद्यानंच सांगितलंय. तो फलक मराठी, कोंकणी, हिंदी, आणि कामगार जी भाषा वाचतात त्या भाषेत हवा. जेवणाच्या खोलीत हवा, साहेबांच्या केबिनबाहेर नको. केबिनबाहेर उभं राहून फलक वाचणारी मुलगी सगळ्यांना दिसते.

'बाई घेतली की सहा महिने बसून पगार द्यावा लागतो'

२०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण ज्या कारखान्याला राज्य कामगार विमा लागू आहे, तिथं महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमेदार बाईचे हे पैसे विमा महामंडळ देतं. मालक दरमहा पगाराच्या ३.२५ टक्के वर्गणी तशीही भरतच असतो, पुरुषांसाठीही. पेडण्यातल्या पॅकिंगच्या बहुतेक नोकऱ्या याच पगाराच्या आत बसतात. हे सांगितल्यावर एका कारखान्याच्या हिशेबनिसानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्याच्या कपाटातली हरवलेली फाईल काढून दिली.

५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय करावी लागते. ती प्रत्येकानं वेगळी केलीच पाहिजे असं नाही. वसाहतीतल्या चार कारखान्यांनी मिळून एक चालवलं तर कुणालाच जड जात नाही.

'रॅम्प बांधला की झालं'

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पूर्वीच्या कायद्यात ७ होते. त्यांतले कित्येक डोळ्यांना दिसतच नाहीत: ऐकू कमी येणं, शिकण्यातल्या अडचणी, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल. रॅम्पचा त्यांना काय उपयोग? कायदा 'वाजवी सोय' मागतो, म्हणजे त्या माणसाला ते काम करता यावं म्हणून केलेला बेताचा बदल. बसायला स्टूल, भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा, रक्त चढवायच्या दिवशी पाळीची अदलाबदल. २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचं लेखी धोरण आणि संपर्क अधिकारी ठेवावा लागतो. दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट जानेवारी २०२३मध्ये पणजीत पहिल्यांदा भरला आणि गोव्याचं सगळीकडं कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण पणजीला पोचायला पेडण्यातल्या मुलाला ज्या बसच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या होत्या तेवढ्याच उंच आहेत.

'परप्रांतीय कामगार आहेत, म्हणजे विविधता आहेच'

इथं माझंही मन जरा अडखळतं. मोपासाठी जमिनी गेल्या त्या गावांतली मुलं नोकरी मागतात, त्यात काही चूक नाही. तो हक्काचाच प्रश्न आहे. पण कंत्राटदाराकडून स्वस्तात आणलेल्या ओडिशा-झारखंडच्या पोरांना पत्र्याच्या खोल्यांत ठेवून त्याला विविधता म्हणणं ही थट्टा झाली, आणि स्थानिकांची समजूत काढायला त्यांच्याकडंच बोट दाखवणं ही दुसरी. तेरेखोलपलीकडच्या आरोंदा-सातार्ड्याची मुलं तर आपलीच बोली बोलतात, तरी आधार कार्डावरचा पत्ता बघून परकी ठरतात. १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्याची अट सरकारी नोकरीसाठी आहे, खासगी मालकानं ती मागायचं कारण नाही. स्थानिकांना घ्यायचं असेल तर काम शिकवून घ्यावं. 'कौशल्य नाही' म्हणून हात झटकणं हेही वगळणंच.

'एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवू या'

वक्ता येतो, स्लाईड दाखवतो, सामोसे होतात. अलेक्झांड्रा केलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये जे मांडलं, त्यात पूर्वग्रह घालवण्याचं प्रशिक्षण सर्वांत कमी परिणामकारक उपायांत निघालं. परिणाम दिसला तो जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाकली तिथं: एक माणूस किंवा एक समिती, आणि दर वर्षी विचारले जाणारे आकडे. भरतीला किती अर्ज आले, कुठल्या गावांतून आले, किती बायका मुलाखतीपर्यंत पोचल्या, वर्षभरात कोण सोडून गेलं आणि का. हा तक्ता एका पानावर मावतो. तो मागणारा वरिष्ठ मात्र लागतो.

मी एकदा ती सुरुवातीची जाहिरात पुन्हा लिहून पाहिली. 'पॅकिंगसाठी माणसं पाहिजेत. वयाची वरची अट नाही. काम शिकवू. दोन पाळ्या, कुठली हवी ते अर्जात लिहावं. कोरगावच्या देऊळवाड्यावरून आणि पेडणे बाजारातून जायला-यायला गाडी आहे. दिव्यांगांनी कोणती सोय लागेल ते सांगावं.' पहिल्या जाहिरातीपेक्षा लांब झाली, दुकानदारानं कागदाचे दोन रुपये जास्त घेतले असते. गाडीचा खर्च एका कारखान्याला परवडत नाही हे खरं. तुयेंच्या वसाहतीतल्या तीन-चार मालकांनी पाळ्यांच्या वेळा एकमेकांशी जुळवल्या तर एक मिनीबस सगळ्यांना पुरते. वेळा जुळवायला बसायचं कुणाच्या कचेरीत, यावरच पहिली बैठक अडून राहील, अशी मला शंका आहे.