ल्युपस, हृदय आणि मांडीतली ताकद

पस्तिशीतल्या बाईच्या छातीत कळ आली, तर घरातलं माणूस आधी ॲसिडिटीची गोळी शोधतं. बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं, कारण पाळी चालू असलेल्या वयात हृदयविकाराचा झटका विरळच. पण तिला ल्युपस असेल तर हा हिशोब कोलमडतो. पिट्सबर्गच्या सुझन मांझी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ल्युपसच्या ४९८ स्त्रियांची तुलना फ्रेमिंगहॅमच्या जुन्या हृदय-अभ्यासातल्या स्त्रियांशी केली. ३५ ते ४४ या वयोगटात ल्युपस असलेल्यांचा धोका सुमारे ५० पट निघाला. मुळातला धोका इतका लहान असतो, की तो पन्नास पट होऊनही बहुतेक जणींना झटका येत नाही, हेही लगेच सांगायला हवं. तरीही हा आकडा कानाआड करण्यासारखा नाही.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उठते. दहा रुग्णांतल्या साधारण नऊ स्त्रिया, आणि त्याही बहुतेक ऐन संसाराच्या वयातल्या. सांधे दुखतात, केस गळतात, बारीक ताप येतो आणि नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरतो. ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंद-शहापूरकडे भातलावणीचे दिवस उन्हापावसात शेतात जातात. तिथे या चट्ट्याला वांग समजलं जातं आणि सांधेदुखीला वात. निदान होईपर्यंत मूत्रपिंडांना सूज आलेली असणं, ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

टोरंटोच्या मरे युरोविट्झ यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं, की ल्युपसमधले मृत्यू दोन लाटांत येतात. पहिली लाट सुरुवातीच्या वर्षांत, खुद्द आजारामुळे आणि जंतुसंसर्गामुळे. दुसरी बऱ्याच वर्षांनी, आजार आटोक्यात आल्यासारखा वाटत असताना, आणि ती हृदयाची. सततच्या दाहाने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडलं जातं. ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याचंही संरक्षणाचं काम बिघडतं. काहींच्या रक्तात गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं असतात. मूत्रपिंडांमुळे रक्तदाब चढतो. उपाय म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सगळ्यांनाच द्यावी का? जॉन्स हॉपकिन्समध्ये २०० रुग्णांना दोन वर्षं ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा नुसती साखरगोळी देऊन पाहिलं गेलं. हृदयाच्या धमन्यांत साचणाऱ्या कॅल्शियममध्ये फरक पडला नाही. ज्यांना स्टॅटिन एरवीही लागतं त्यांनी ते घ्यावंच. पण ल्युपसच्या हृदयाला एका गोळीचा तोडगा नाही.

आता स्नायूंकडे वळू, कारण डॉक्टर आणि रुग्ण दोघांचंही दुर्लक्ष होतं ते इथेच. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी ल्युपसमध्ये जीव वाचवते, पण जास्त डोस लांबला की स्नायूंतलं प्रथिन मोडून टाकते. आधी जातात त्या मांड्या आणि खांदे. उकिडवं बसलं की उठताना हात टेकावा लागतो, फळीवरचा डबा उतरवताना हात थरथरतो. याच वेळी गाल भरतात, पोट सुटतं आणि शेजारीण कौतुकाने म्हणते, "तब्येत सुधारली हो तुमची." वजनकाटाही तिच्याच बाजूने बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची ही खोड फार पूर्वीच दाखवली आहे: आपण दिसायला बारीक, वजनाने नेमके, आणि आत चरबी जास्त, स्नायू कमी. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच आढळलं. अशा मुळातच बेताच्या भांडवलातून स्टेरॉइड कर्ज उचलतं.

स्नायू आणि हृदय यांचा संबंध कसा? जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा इन्सुलिनच्या मदतीने स्नायूच उचलतात. ते कमी झाले की साखर आणि चरबी दोन्ही वाढतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू रक्तात काही रसायनं सोडतो, आणि त्यांचा एकूण परिणाम दाह शमवणारा असतो. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी त्यांना मायोकाइन हे नाव दिलं. त्यातलं इंटरल्युकिन-६ गमतीचं आहे: ल्युपसमध्ये दाह वाढवणारं म्हणून बदनाम, पण व्यायाम करणाऱ्या स्नायूतून निघालं की उलट वागतं.

मुठीच्या ताकदीचा पुरावा तर जगभरचा आहे. सलीम युसूफ यांच्या चमूने भारतासह १७ देशांतल्या जवळपास १,४०,००० लोकांना ताकद मोजणाऱ्या डायनॅमोमीटरची मूठ आवळायला लावली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. ताकद ५ किलोने कमी असली, की हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. मृत्यूचा अंदाज बांधायला मूठ वरच्या रक्तदाबापेक्षा सरस ठरली. ताकद कमी म्हणूनच हृदय बिघडतं, असं यातून सिद्ध होत नाही. आजारी माणसाची मूठ सैल असतेच. पण ल्युपसमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दाहातून आणि एकाच गोळीतून निघतात, म्हणून मूठ तिथे जास्तच बोलकी असावी, असं मला वाटतं.

इथे शहापूर-मुरबाडकडचा कुणीही हमखास विचारील: आमच्या बाया दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला? भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावरून मुंबईला पाणी पाजतात, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरी गाठतात. हे कष्ट आहेतच. पण कष्टाने हृदय सुधारतंच असं नाही. कोपनहेगनमधल्या लाखाहून अधिक लोकांच्या २०२१ मधल्या अभ्यासात आंद्रेआस होल्टरमान यांना दिसलं, की फावल्या वेळच्या हालचालीने हृदयविकार कमी होतो आणि कामावरच्या जड कष्टाने वाढतो. डेन्मार्कचा कामगार आणि पाड्यावरची बाई यांना एका मापात तोलू नये, पण कारणं ओळखीची आहेत. कष्टाला विश्रांती नसते, भार आपल्या सोयीने वाढवता-घटवता येत नाही, आणि सगळ्यांची ताटं झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भात उरतो, वालाची आमटी तळाला गेलेली असते. स्नायू बांधायला थोडा थोडा वाढता भार, मधली विश्रांती आणि प्रथिनं लागतात. हंड्यात यातलं एकही नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. निदान झालं की घरचे म्हणतात, "तू आता पडून राहा." उन्हाने ल्युपस भडकतो हे खरं असल्याने बाई घराबाहेर पडत नाही, ड जीवनसत्त्व घटतं, मांड्या अजून वाळतात, थकवा अजून वाढतो. आजार शांत असताना व्यायाम केल्याने ल्युपस उसळत नाही, हे बऱ्याच छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. ग्रॅनाडात १२ आठवड्यांच्या व्यायामाने स्त्रियांचा दम वाढला, धमन्यांचा ताठरपणा मात्र तेवढ्यात हलला नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये छापलेल्या शिफारशींत व्यायामाला उपचाराचं स्थान दिलं आहे, आणि त्याच वर्षी स्टेरॉइडचा रोजचा डोस शक्यतो ५ मिलिग्रॅमपर्यंत आणायला सांगितलं आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मुळात मलेरियाची गोळी डोळ्यांची नियमित तपासणी करून चालूच ठेवायची असते. बरं वाटतंय म्हणून ती परस्पर सोडणं महागात पडतं, आणि स्टेरॉइड एकदम तोडणं तर धोक्याचंच.

व्यायाम म्हणजे जिम नव्हे. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा घरातच, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस. पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांनी वर-खाली. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर पंधरवड्याला थोडं वाढवत. आजार उसळलेला असेल, हृदयाला किंवा स्नायूंना सूज असेल तर थांबायचं. जांघेत कळ येत असेल तर आधी खुब्याची तपासणी, कारण स्टेरॉइडने तिथलं हाड मरू शकतं. मूत्रपिंडं गुंतलेली असतील तर डाळी-अंडी किती खायची हेही विचारूनच.

मोजमापाला तर यंत्रही नको. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंकडे बघायची वेळ झाली. डायनॅमोमीटर हाताशी असेल, तर बाईची मूठ १८ किलोच्या खाली भरली तरी तेच. वाशिंदहून कसारा लोकलने दादर आणि तिथून परळच्या केईएममध्ये संधिवाताची ओपीडी गाठण्यात अख्खा दिवस जातो. ही मोजणी मात्र शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, अगदी गावातल्या दवाखान्यातसुद्धा, रक्तदाब घेतानाच उरकता येईल, आणि केसपेपरवर रक्तदाबाशेजारी सेकंद लिहिता येतील.