आपोआप बदलणारा गिअर व त्याची घरगुती दुरुस्ती

नाताळच्या रात्रीं भजनी मंडळी घरोघर जावयास निघाली म्हणजे सर्वांच्या पुढें पेट्रोमॅक्स घेऊन चालण्याचा मान आपणांस मिळावा, अशी लहानपणीं आमची फार इच्छा असे. एका वर्षीं तो मान मिळाला. परंतु बत्ती कांहीं केल्या नीट पेटेना. ज्योत पिवळी पडे व मॅन्टल काजळून जाई. आम्हीं मॅन्टल बदललें, तेंहि काजळलें. आणखी एक बांधलें. त्याचीहि तीच गत झाली. शेवटीं मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं पंपाचा दांडा बाहेर काढला, त्याच्या टोकाचा वाळून गेलेला चामडी वॉशर तेल लावून मऊ केला, व पुन्हां हवा भरली. बत्ती लख्ख पेटली. दोष मॅन्टलमध्यें नव्हताच. दाब उत्पन्न करणारा वॉशर सुकला होता, आणि त्याचें प्रायश्चित्त बिचारें मॅन्टल भोगीत होतें.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचें कारण असें कीं, वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "अमेरिकेंत लोक पन्नाससाठ वर्षांच्या जुन्या मोटारी घरींच दुरुस्त करतात, इतकेंच नव्हे तर त्यांचा आपोआप चालणारा गिअरबॉक्सहि घरींच खोलून पुन्हां जोडतात, हें खरें काय? आणि क्लचचें पायडल नसतां त्या गाडीचा गिअर बदलतो तरी कसा?" प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर आम्ही येथें सर्वांसाठींच देत आहोंत. आणि त्या उत्तराचा शेवट पेट्रोमॅक्सच्या वॉशरपाशींच येतो, हें वाचकांच्या लक्षांत येईल.

प्रथम थोडा इतिहास. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें 'हायड्रा-मॅटिक' नांवाचा पूर्णपणें स्वयंचलित गिअरबॉक्स १९३९ सालीं पुढें आणला, व तो १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत बसविला. दुसऱ्या महायुद्धांत तोच गिअरबॉक्स अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांतहि वापरला गेला. पुढें इतर कंपन्यांनींहि आपापले नमुने काढले. त्यांपैकीं फोर्ड कंपनीचा 'सी-४' हा १९६४ पासून १९८१ पर्यंत बनत होता. १९६४ च्या एप्रिल महिन्यांत निघालेल्या प्रसिद्ध मस्टँग गाडीच्या पहिल्या कांहीं वर्षांतील पुष्कळ गाड्यांत हाच आढळतो. त्याची रचना सुटसुटीत असल्यामुळें घरीं दुरुस्ती करूं इच्छिणाऱ्या हौशी मनुष्यास तो बराच सोपा जातो. म्हणून आपण उदाहरणादाखल सी-४ च घेऊं.

इंजिनाची शक्ति चाकांकडे नेतांना दोन अडचणी असतात. एक, गाडी उभी असतांनाहि इंजिन फिरत राहिलें पाहिजे. दुसरी, गाडी हलवितांना जोर अधिक हवा असतो, व धांवतांना वेग अधिक हवा असतो. पहिली अडचण टॉर्क कन्व्हर्टर दूर करतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें, एवढाच भेद. इंजिन एक पंखा फिरवितें, तेल वेगानें दुसऱ्यावर आदळतें, व तो चाकांकडे जाणारा दांडा फिरवितो. दोहोंच्या मध्यें एक तिसरा लहान पंखा असतो. तो परत येणाऱ्या तेलास योग्य दिशा देतो, आणि त्यामुळें गाडी सुटतांना इंजिनाचा जोर सुमारें दुप्पट होतो. ही युक्ति मूळची मोटारीची नव्हे. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं जहाजांसाठीं तिचें पेटंट घेतलें होतें.

दुसरी अडचण ग्रहमालेसारख्या चाकांनीं दूर होते. मध्यें एक दांतेरी चाक, तें सूर्य. त्याभोंवतीं फिरणारीं लहान चाकें, ते ग्रह. आणि सर्वांस वेढणारें, आंतल्या बाजूस दांते असलेलें मोठें कडें. या तिहींपैकीं एकास धरून ठेवलें व दुसरें फिरविलें, म्हणजे तिसरें निराळ्या वेगानें फिरतें. कोणास धरावें व कोणास फिरवावें, एवढें बदललें कीं गिअर बदलला. सी-४ मध्यें अशा दोन माला एकाच सूर्यचाकावर बसविलेल्या आहेत, व त्यांपासून पुढें जाण्याचे तीन गिअर व मागें येण्याचा एक गिअर मिळतो. पहिल्या गिअरमध्यें इंजिनाकडील दांडा २.४६ वेळां फिरतो तेव्हां चाकांकडील दांडा एकदां फिरतो. दुसऱ्यांत हें प्रमाण १.४६ होतें, आणि तिसऱ्यांत दोन्ही दांडे बरोबरीनें फिरतात.

आतां चाकांस धरण्यासाठीं आंत मनुष्याचा हात नाहीं. तें काम तेलाच्या दाबाचें. पुढच्या बाजूस एक पंप आहे. तो तेल दाबून पिस्टनकडे पाठवितो. पिस्टन क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट आवळतो, किंवा एखाद्या फिरत्या डब्याभोंवतीं लोखंडी पट्टा कसतो. हें केव्हां घडावें याचा निर्णय दोन दाबांच्या झुंजींतून होतो. चाकांकडील दांड्यावर गव्हर्नर नांवाचें साधन असतें. गाडीचा वेग वाढला कीं त्याचीं वजनें बाहेर फेंकलीं जातात व त्याच्याकडून येणारा दाब वाढतो. उलट बाजूस इंजिनाच्या ओढीनें चालणारी रबरी पडद्याची एक डबी असते. चालकानें पायडल खोल दाबलें म्हणजे इंजिनाची ओढ कमी होते, आणि ही डबी गिअर बदलण्यास विरोध करणारा दाब वाढविते. या दोन दाबांच्या मध्यें एक लहानशी झडप तराजूच्या कांट्याप्रमाणें उभी असते. वेगाचें पारडें जड झालें कीं ती सरकते, व वरचा गिअर पडतो. चढावर गाडी खालच्या गिअरमध्यें अधिक काळ कां राहते, हें आतां कोणासहि सांगतां येईल.

अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षें चालते. परंतु तेल तापतें, आणि तापलेल्या तेलांत रबराचीं सील हळूहळू कडक होतात. कडक सील दाब धरूं शकत नाहीं. दाब कमी झाला कीं चकत्या पुरेशा आवळल्या जात नाहींत व घसरूं लागतात. घसरण्यानें उष्णता वाढते, उष्णतेनें चकत्यांचें अस्तर जळतें, आणि त्याची राख तेलांत मिसळून झडपांच्या वाटा अडविते. गाडीचा मालक पेटी उघडतो तेव्हां त्यास काळ्या पडलेल्या चकत्या दिसतात. तो नव्या चकत्या बसवितो व समाधान पावतो. परंतु ज्या सीलमधून दाब निसटला तें जुनेंच राहिलें, तर कांहीं महिन्यांत नव्या चकत्याहि त्याच वाटेनें जातात. नाताळच्या रात्रीं आम्ही मॅन्टल बदलीत होतों तें असेंच.

म्हणून पहिलें काम म्हणजे पाना हातीं न घेतां रोग ओळखणें. तेल लालसर व स्वच्छ असावें. तें तपकिरी झालें असेल व त्यास करपट वास येत असेल, तर चकत्या जळल्या असें समजावें. तेल कमी होत आहे, जमिनीवर मात्र थेंब नाहीं, आणि मागच्या नळींतून पांढरा धूर निघतो, असें झाल्यास त्या डबींतील रबरी पडदा फाटला असण्याचा संभव फार. इंजिन त्या वाटेनें तेल ओढून जाळीत असतें. अशा वेळीं ती एक डबी बदलल्यानें काम भागतें. ज्यानें हें तपासलें नाहीं, तो विनाकारण सगळी पेटी खोलीत बसतो.

पेटी उतरवावीच लागली, तर त्यांत जिवाचा प्रश्न आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि, एका क्षणापुरतेंहि, जाऊं नये. गाडी सपाट व कठीण जमिनीवर भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवावी, व ती हलत नाहीं याची खात्री करावी. गिअरबॉक्सचें वजन सुमारें ५० किलो भरतें, तेव्हां तो छातीवर झेलण्याचा पराक्रम न करतां त्यासाठीं असलेल्या जॅकवरच उतरवावा. क्लचच्या डब्यांतील स्प्रिंगा दाबून बसविलेल्या असतात. त्या योग्य साधनानें सावकाश सैल कराव्या व डोळ्यांवर चष्मा असावा. मुलांनीं हें काम वडील माणसांवांचून करूं नये, हें आम्ही पालकांसहि विनवून सांगतों.

पुढें खोलण्याचें काम. त्यापूर्वीं बाहेरचा सर्व चिखल व तेलकटपणा धुवून काढावा, कारण आंत गेलेला वाळूचा एक कण झडप अडकवावयास पुरेसा होतो. आंतील दांडा पुढेंमागें किती हलतो हें मापकानें मोजून लिहून ठेवावें. सी-४ मध्यें ही मोकळीक एका इंचाच्या हजारांश भागांपैकीं ८ ते ४२ असावी लागते, व ती निरनिराळ्या जाडीच्या वॉशरनीं साधतात. मग प्रत्येक भाग निघेल त्याच क्रमानें स्वच्छ कागदावर मांडावा. आतां बहुतेक घरांत छायाचित्र घेणारा मोबाइल असतो. प्रत्येक पायरीचें चित्र घेतल्यास पुढें वाद पडत नाहीं. झडपांच्या पेटींत लहान पोलादी गोळ्या असतात. त्यांतील एक गोळी हरवली किंवा दुसऱ्याच खोबणींत पडली, तरी सर्व श्रम फुकट जातात.

जोडणींत घाईस वाव नाहीं. सर्व सील व गॅस्केट नवीन घालावीं. तीं दिसावयास चांगलीं असलीं तरी जुनीं ठेवूं नयेत. सीलचा ओठ दाब ज्या बाजूनें येतो त्या बाजूस असावा. उलटें बसविलेलें सील मुळीच न बसविल्यासारखें होय. नव्या चकत्या बसविण्यापूर्वीं अर्धा तास तरी तेलांत भिजवाव्या, कारण कोरडी चकती पहिल्याच घर्षणांत जळते. पुसण्यास तंतु सुटणारें फडकें घेऊं नये. वॉशर जागेवर धरून ठेवण्यास साधें व्हॅसलीन पुरतें. तें तेलांत विरघळून जातें. दोन्ही पट्ट्यांचे स्क्रू १० फूट-पौंड जोरानें आवळून, मधल्या पट्ट्याचा पावणेदोन फेरे व मागल्या पट्ट्याचा तीन फेरे सैल सोडावा.

झडपांची पेटी चढविण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. तेलाच्या वाटेंत दाबाची हवा सोडावी. पिस्टन बसला तर आंतून 'धप्' असा स्पष्ट आवाज येतो. केवळ फुसफुस ऐकूं आली, तर कोठें तरी सील फाटलें किंवा दुमडलें आहे असें जाणावें व तो भाग पुन्हां उघडावा. येथें मनुष्याची खरी कसोटी लागते. हात थकलेले असतात, सांज झालेली असते, आणि मन म्हणतें, "चालेल." तें चालत नाहीं. आज एका तासाचा कंटाळा केला, तर तोच गिअरबॉक्स महिन्याभरानें पुन्हां उतरवावा लागतो.

आणखी दोन गोष्टी विसरूं नयेत. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरमध्यें व रेडिएटरमधील तेल थंड करणाऱ्या नळींत मागची राख सांचलेली असते. नळी धुतली नाहीं व कन्व्हर्टर साफ केला नाहीं किंवा बदलला नाहीं, तर जुनी घाण नव्या यंत्रांत शिरते. तसेंच कन्व्हर्टर पंपाच्या खांचेंत पुरता बसल्यावांचून बोल्ट आवळूं नयेत, नाहीं तर पंपच फुटतो. शेवटीं त्या गाडीस सांगितलेलेंच तेल थोडें थोडें भरावें, इंजिन सुरू करून प्रत्येक गिअरमध्यें क्षणभर थांबावें, आणि इंजिन चालूं असतांनाच तेलाची पातळी पाहून उरलेलें घालावें.

एवढे कष्ट कशासाठीं, असें कोणी विचारील. कित्येकांच्या घरीं ती गाडी वडिलांची किंवा आजोबांची असते, व ती पुन्हां चालावी ही इच्छा पैशांत मोजतां येत नाहीं. शिवाय, जी पेटी केवळ कारागिरांनींच उघडावी असा आपला समज असतो, ती साधा मनुष्यहि पुस्तक, स्वच्छता व धीर यांच्या बळावर समजून घेऊं शकतो, हा लाभ लहान नव्हे.

मुलांनो, तुम्हांपैकीं फारच थोड्यांस सी-४ गिअरबॉक्स हातीं धरावा लागेल. परंतु परीक्षेंत गणित चुकलें, घरांत भांडण झालें, किंवा एखादी वाईट संवय पुनःपुन्हां डोकें वर काढूं लागली, म्हणजे जळलेली चकती सर्वांस दिसते व ती बदलण्याची घाई होते. त्या वेळीं क्षणभर थांबून दाब कोठून निसटतो आहे हें पाहावें. आम्हांस तें प्रथम एका वृद्ध गृहस्थांनीं पेट्रोमॅक्सच्या उजेडांत शिकविलें. त्यांनीं आमच्या हातांतून बत्ती काढून घेतली नाहीं. वॉशर दाखविला, ती पेटवून पुन्हां आमच्याच हातीं दिली, व भजनी मंडळी पुढच्या घराकडे निघाली.