लघवीतून साखर घालवणारी गोळी कशी सापडली?

बाबासाहेबांना मधुमेहाने फार छळले. आज आपल्या वस्त्यांतही शुगरची गोळी घेणारी घरे कमी नाहीत. त्यांतली एक गोळी कशी सापडली ते समजून घेऊ. ती घेताना काय सांभाळायचे, हेही त्यातूनच कळेल.

शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्यात आरपार बसलेली काही प्रथिने दारासारखी काम करतात; मीठ, साखर आत-बाहेर नेतात. कोणते दार काय नेते, हे ओळखायचे कसे? काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला येणारा एखादा रस्ता अडवला, तर कोणता माल आला नाही यावरून त्या रस्त्याचे काम कळते. शास्त्रज्ञही तसेच एक दार बंद करून काय बदलते ते पाहतात.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा काढला गेला. तो दिल्यावर लघवीतून साखर जाते, हे 1886 मध्ये जर्मन डॉक्टर फॉन मेरिंग यांनी दाखवले. उलगडा पुढे झाला. मूत्रपिंडे रोज सुमारे 180 ग्रॅम साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी परत रक्तात घेतात. त्याचे मुख्य दार म्हणजे 'एसजीएलटी-2' हे प्रथिन. फ्लोरिझिन ते अडवते. पण आतड्यातले तसलेच दुसरे दारही अडवते, म्हणून औषध म्हणून चालले नाही. काहींचे मूत्रपिंडातले हे दार जन्मतःच नीट चालत नाही, तरी ते बहुधा निरोगी राहतात. म्हणून मुख्यतः हेच दार अडवणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बनल्या.

या गोळीवर लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, घाबरू नका. साखरेबरोबर पाणीही जाते, म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर उन्हातल्या कामाला जाताना पाणी जवळ ठेवा. लघवीची जागा स्वच्छ, कोरडी ठेवा. खाज आली तर न लाजता सांगा. उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नसेल किंवा ऑपरेशन ठरले असेल, तर गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना लगेच विचारा. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनीही आधी विचारावे. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर शुगर फार वाढलेली नसली तरी दवाखाना गाठा. रक्तात आम्ल वाढलेले असू शकते.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल का, हेही डॉक्टरांकडून तपासूनच ठरवा.

जय भीम!