‘मूकनायका’च्या माथ्यावर तुकोबा

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या या पत्राच्या माथ्यावर तुकोबांच्या ओळी होत्या: आता भीड धरून काय करू, मुक्याचे जगात कोणी नसते, अशा आशयाच्या. पत्राच्या शिरोभागी अवतरण छापण्याची रीत मराठीत जुनी. ‘केसरी’च्या माथ्यावर संस्कृत श्लोक असे. पण ‘मूकनायका’ने ज्यांच्याशी वाद मांडला होता, त्यांच्याच घरात पूजल्या जाणाऱ्या संताचे शब्द पुढे केले. हीच गोष्ट अस्पृश्यांच्या पत्राने स्वतःच्या शब्दांत सांगितली असती, तर तिला उद्धटपणा म्हणून मोकळे होता आले असते. तुकोबांना उद्धट म्हणण्याची सोय मात्र कोणाला नव्हती. माझ्या मते लेखात अवतरण घालावे की नाही, याची कसोटी इथेच सापडते. तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगून काही गमावत नसेल, तर ती आपल्याच शब्दांत सांगावी. ती कोण बोलले, किंवा नेमक्या कोणत्या शब्दांत बोलले, यावर युक्तिवाद उभा असेल तेव्हाच अवतरणचिन्हे उघडावीत.

या कसोटीला आपल्याकडचे पुष्कळ लेखन टिकणार नाही. शिक्षणावर लिहायचे तर आरंभी विवेकानंद, स्वप्नांवर लिहायचे तर अब्दुल कलाम. ते वाक्य त्यांनी कुठे उच्चारले हे लेखकाला ठाऊक नसते, आणि पुढच्या मजकुराला त्याची गरजही नसते. यावर कोणी म्हणेल की वाचकाला सुभाषित आवडते, कोरडा युक्तिवाद थोरामोठ्यांच्या बोलाने जरा ओला होतो. होतो, हे खरे. पण मोठे नाव पुढे केले की वाचक मान डोलावतो आणि पुरावा मागायचे विसरतो. पुरावा नसलेल्या लेखकाला हे सोयीचेच असते, म्हणून तर ही सवय सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओळ मूळ जागेवरून उचलली की तिचा अर्थ बदलतो. मग ‘मूकनायक’ तरी काय वेगळे करत होता? ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारता’च्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. त्याच्या माथ्यावर ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातल्या ओव्या होत्या. त्यांत कृष्ण अर्जुनाला धनुष्य घेऊन रथावर चढायला सांगतो. चातुर्वर्ण्य मानणाऱ्या ग्रंथावरच्या टीकेतल्या त्या ओव्या इथे चातुर्वर्ण्याविरुद्धच्या लढ्याला लावल्या होत्या. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा दोनच आठवडे झाले होते. संदर्भ बदलला, यात शंका नाही. पण तो उघड्यावर बदलला. ज्ञानेश्वरी घरोघरी होती. ओव्या कुठल्या, कोणाच्या तोंडच्या, हे वाचकाला पडताळता येत होते, आणि जुन्या आज्ञेचा नवा रोख त्याला दिसावा हाच तर हेतू होता. लबाडी असते ती लपवण्यात. एखाद्याचे ‘पण’च्या अलीकडचे वाक्य घ्यायचे आणि पलीकडचे तीन टिंबांत गडप करायचे, असे ‘बहिष्कृत भारता’ने केले नाही.

विरोधकाला उद्धृत करताना हा मोह सर्वांत मोठा असतो, म्हणून आंबेडकरांचेच आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले, भाषणातला काही मजकूर मंडळाला खटकला आणि परिषदच रद्द झाली. आंबेडकरांनी ते भाषण स्वतः छापले, सोबत मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही दिला. मंडळ कसे वागले याचे वर्णन त्यांना दोन परिच्छेदांत करता आले असते. पण मग ती एका पक्षाची तक्रार ठरली असती. पत्रे समोर आल्यावर निवाडा वाचकाकडे गेला. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका परिशिष्टात घेतली आणि तिच्याशेजारी आपले उत्तर ठेवले. मला हे औदार्यापेक्षा आत्मविश्वासाचे लक्षण वाटते.

रोजच्या लेखनात एवढी जागा कोणाला मिळते, असे संपादक विचारतील. परिशिष्ट जोडणे शक्य नसतेच. तरी विरोधकाचे सर्वांत दुबळे वाक्य निवडायचे की सर्वांत बळकट, याला जादा जागा लागत नाही. उतारा देण्याआधीच्या क्रियापदालाही लागत नाही: मंत्री ‘म्हणाले’, ‘कबूल केले’ आणि ‘दावा केला’ यांत शब्दांचा फरक थोडा, पण दुसऱ्यात आरोप सिद्ध धरला जातो आणि तिसऱ्यात मंत्र्यांवर अविश्वास. असा निकाल द्यायचा असेल, तर त्याची कारणे उताऱ्यानंतर स्वतःच्या वाक्यांत लिहावीत.