१८७५ मध्ये नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या? आणि शाळेत हे शिकवायचं कसं?

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावर कर्जत तालुक्यातलं मिरजगाव लागतं. पावसाच्या भरवशावरची शेती, ज्वारी, तूर, कांदा आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ. इथल्या नववी-दहावीतल्या मुलाला विचारा, कांद्याचा भाव का पडला? तो घरात ऐकलेली पाच कारणं सांगेल. त्यालाच विचारा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा तुझ्या तालुक्याशी काय संबंध? बहुतेक वेळा उत्तर येणार नाही.

संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे. १८७५ साली पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत हे तालुके त्यात होते.

ही एक घटना नीट शिकवली, तर मागणी-पुरवठा, व्याज, कर, निर्यात आणि कायदा असं अर्धं अर्थशास्त्र त्यातच शिकवून होतं. कसं, ते पाहू.

आधी प्रश्न असा की, अर्थशास्त्र शाळेत आहे कुठे?

महाराष्ट्रात दहावीपर्यंत अर्थशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत दहावीला 'भूगोल आणि अर्थशास्त्र' असा जोडविषय होता. २०१७ ला नववीची आणि २०१८ ला दहावीची नवी पुस्तकं आली आणि अर्थशास्त्र भूगोलाच्या धड्यांत गेलं. नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' आणि 'व्यापार' हे धडे आले. नववीच्या इतिहासात 'आर्थिक विकास' हा धडा आला. दहावीचा इतिहास इतिहासलेखनाच्या परंपरांपासून सुरू होतो.

म्हणजे तुकडे आहेत, पण ते वेगवेगळ्या पुस्तकांत, आणि अनेकदा वेगवेगळ्या शिक्षकांकडे. इतिहासाचे सर सनावळी सांगतात, भूगोलाच्या मॅडम व्याख्या सांगतात. मुलं दोन्ही पाठ करतात. दोन्हींचा आपल्या घराशी संबंध आहे, हे सांगायचं मात्र राहून जातं.

१८७५ मध्ये नेमकं झालं काय?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला. मागणी एकच होती: वह्या आणि कर्जखतं द्या. मिळाली ती जाळली. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरं पेटवली. मात्र माणसांवर जीवघेणे हल्ले फारसे झाले नाहीत. राग कागदावर होता. पुण्याहून हे लोण नगर जिल्ह्यात आलं. तीसहून जास्त गावांत असे प्रकार घडले.

इथे वर्गात पहिला प्रश्न विचारता येतो: शेतकऱ्यांनी तिजोरी सोडून कागद का जाळला?

याची सुरुवात अमेरिकेत कशी झाली?

१८६० च्या आधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ ला तिथे यादवी युद्ध सुरू झालं आणि माल थांबला. गिरण्या तर चालू ठेवायच्या होत्या, मग ब्रिटिश व्यापारी भारताकडे वळले. १८६२ पर्यंत ब्रिटनच्या कापूस आयातीतला बहुतांश वाटा भारताचा झाला.

मुंबईचे निर्यातदार शहरातल्या सावकाराला उचल द्यायचे, शहरातला सावकार गावातल्या सावकाराला आणि तो शेतकऱ्याला. भाव चढे होते, त्यामुळे कर्ज सहज मिळत होतं. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला आणि इथले भाव कोसळले. वरून पैसा आटला, तसा गावातला सावकारही हात आखडू लागला. नवीन उचल बंद झाली आणि जुनी वसुली सुरू झाली.

नेमक्या याच काळात सरकारने शेतसारा वाढवला. रयतवारी पद्धतीत साऱ्याची आकारणी ३० वर्षांसाठी ठरायची. १८३० च्या दशकातल्या आकारणीची मुदत १८६० च्या दशकात संपली. नव्या आकारणीत अनेक ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. तो रोख भरायचा होता, पीक येवो न येवो.

उत्पन्न घटलं, कर वाढला, कर्ज बंद झालं. तिन्ही एकाच वेळी. हे फळ्यावर तीन बाणांनी दाखवा, पोरांना लगेच कळतं.

कांद्याचं उदाहरण इथे का चालतं?

कारण कापसाची गोष्ट दीडशे वर्षं जुनी असली, तरी कांद्याची कालची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू होता. त्याची किंमत शेतकऱ्याने बाजार समितीत मोजली.

दोन्ही गोष्टींत एक समान धागा आहे: लांब कुठेतरी घेतलेला निर्णय आणि गावातला भाव. फरकही आहे. कापसाच्या वेळी भाव चढला-पडला तो युद्धामुळे, कांद्याच्या वेळी सरकारी आदेशामुळे. आता मुलांना विचारा: भाव पडल्यावर नुकसान कोणाचं आणि फायदा कोणाचा? वर्गात दोन बाजू पडतात. पडू द्या. मागणी-पुरवठ्याची व्याख्या त्यानंतर सांगितली, तर ती लक्षात राहते.

चांगला कायदा उलटा कसा पडला?

१८५९ मध्ये ब्रिटिशांनी मुदतीचा कायदा केला. कर्जखत फक्त तीन वर्षं वैध, म्हणजे वर्षानुवर्षं व्याज साठत जाणार नाही, असा विचार होता. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी शेतकऱ्याकडून नवं खत लिहून घ्यायचं आणि जुनं मुद्दल अधिक व्याज हेच नवं मुद्दल धरायचं.

याचं गणित मुलांकडूनच करून घ्या. उदाहरणादाखल १०० रुपये कर्ज, वर्षाला २४ टक्के व्याज, १२ वर्षं एक पैसाही फेडला नाही, असं धरू.

- सरळव्याजाने: १२ वर्षांचं व्याज २८८, एकूण देणं ३८८ रुपये.
- दर तीन वर्षांनी नवं खत लिहिल्यास: तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी सुमारे ५०९, बारा वर्षांनी सुमारे ८७५ रुपये.
- 'दामदुपट' या जुन्या रिवाजाने: व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, म्हणजे एकूण देणं जास्तीत जास्त २०० रुपये.

कर्ज तेच, व्याजदर तोच. कागद बदलला की देणं दुपटीहून जास्त होतं. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोर १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचं एक प्रकरण आलं होतं.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतः देतात. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा ज्या कागदावर होता, त्या कागदातच सगळी ताकद होती. म्हणून कागद जाळला.

मग सावकारच वाईट, असं शिकवायचं का?

इथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. हल्ले झालेले बरेच सावकार मारवाडी आणि गुजर होते. गोष्ट अर्धवट सांगितली, तर मुलं 'अमुक समाज वाईट' एवढंच घेऊन घरी जातात. मग दाखवावं लागतं की गावात कर्ज द्यायला दुसरं कोणीच नव्हतं, सारा रोखीत भरायचा होता आणि कोर्ट लेखी खतालाच मानायचं. लबाडी झाली हे खरं, पण या व्यवस्थेत ती सोपी होती.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आयोगाचा अहवाल. तो १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. त्यात मुख्य दोष सावकारांवर आला, वाढलेल्या साऱ्यावर नाही. अहवाल लिहिणारं कोण? सरकारने नेमलेलं मंडळ. सारा वाढवणारं कोण? सरकारच. दहावीच्या इतिहासलेखनाच्या धड्यात साधनांची चिकित्सा करायला सांगितलेली असते. ती करायला याहून सोपं उदाहरण क्वचित सापडेल. आणि जो पोरगा हे शिकतो, तो उद्या व्हॉट्सॲपवर आलेल्या 'खऱ्या इतिहासा'लाही विचारतो: हे लिहिलं कोणी आणि का?

पुढे काय बदललं?

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहायता कायदा आला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. कोर्टाला खतामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढे याच नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये सुरू झाला. सहकारावरचा धडा इथून सुरू केला, तर सोसायटी गावात का आली हे कळतं.

वर्गात हे किती तासांत होतं?

चार तास पुरतात. पहिला कापूस आणि कांद्याचा, दुसरा व्याजाच्या गणिताचा, तिसरा अहवालाच्या चिकित्सेचा. चौथा आजी-आजोबांचा.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावोगावी आहेत. खडी फोडली, पाझर तलावांवर माती टाकली, लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी वाटली गेली, हे ती सांगतात. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पक्की झाली. तिचा कायदा १९७७ चा, म्हणजे देशाच्या २००५ च्या कायद्याआधी २८ वर्षं. मुलांनी दोन-तीन प्रश्न घेऊन जावं: काम काय होतं? मजुरी कशात मिळायची? घरातलं काय विकावं लागलं?

एक पथ्य मात्र पाळायचं. 'तुमच्या घरावर कर्ज किती?' हा प्रश्न वर्गात कधीच विचारू नका. एखाद्या मुलाच्या घरात कर्जापायी काय झालंय, ते बाकावर बसलेल्या पोराकडे पाहून कळत नाही. आकडे काल्पनिक घ्या.

आणि याचा आजच्या घराला उपयोग काय?

समजा, १०,००० रुपये कर्ज, २४ टक्के 'फ्लॅट' व्याज, १२ समान हप्ते. व्याज २,४०० म्हणजे २४ टक्केच, असं वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असतं, त्यामुळे वर्षभर तुमच्या हातात सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम असते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. खरा वार्षिक दर निघतो साधारण ४१ ते ४२ टक्के.

मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाला अंगठा लावण्याआधी हा हिशेब घरात कोणालातरी आला पाहिजे. १८७५ मध्ये तो येणारं घरात कोणी नव्हतं. आज नववीतलं पोरगं घरात आहे, आणि ते हा हिशेब आईला करून दाखवू शकतं.