फ्रेममधला सांधा

पावसाळ्यात बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत सायकलीने पाळीला जाणाऱ्याला खड्डे तोंडपाठ असतात. आपल्या काळ्या सायकलीची फ्रेम म्हणजे जवळजवळ दोन त्रिकोण. बाजू बदलल्याशिवाय त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. म्हणून फ्रेम ताठ, आणि हादरा थेट पाठीत! सीटच्या स्प्रिंगा सोसतील तेवढेच. डोंगरी सायकलीत मागचा त्रिकोण सुटा करून आसावर हलता ठेवतात, मध्ये शॉक-अब्सॉर्बर बसवतात. चाक वर-खाली होते. खरी मेख सांध्याच्या जागेत आहे. ती चुकली, तर पायडल मारण्याचा जोर स्प्रिंग दाबण्यातच जिरतो. सांधा साखळीच्या वरच्या ओढीच्या रेषेजवळ असला, तर हे डोलणे बरेच कमी होते. पण त्याचे बेअरिंग झिजले की मागचे चाक डुगडुगते, आणि आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे तसले बेअरिंग मिळत नाही. पहिल्या पाळीच्या माणसाला काळीच सायकल बरी.